गावकीची खोली

मुंबईच्या कापड गिरण्या संपामुळे बंद पडल्या, असं आता सर्रास म्हटलं जातं. लग्नाच्या पंगतीत, टॅक्सीत, लोअर परळच्या एखाद्या ऑफिसात विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर सामंतांनी वाट लावली गिरणी कामगारांची." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मी काळाचौकीत एका साचेवाल्याच्या, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्याच्या घरात वाढलो आणि हे वाक्य मला अजून सहन होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, लाखभर माणसं कामाला कायमची मुकली. हे सगळं खरं. तरीही संप विरत गेल्यावर बहुतेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले होते. माझे वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत उभे होते. त्यांची गिरणी बंद पडली त्या वर्षी ना संप होता, ना हरताळ. तोवर गिरणीत विणल्या जाणाऱ्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन कितीतरी महाग झाली होती.

म्हणून गिरणगावाचं काय झालं हे सांगायचं तर मला जागेपासून सुरुवात करावी लागते. तीही एका खोलीपासून.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावची काळाचौकीला एक खोली होती. तिसरा मजला, लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. खोली दहा बाय बाराची. तिच्या पटावर एकेकाळी तीस-पस्तीस माणसं होती. गावातला मुलगा मिसरूड फुटलं की बोटीने, पुढे एसटीने मुंबईला यायचा आणि थेट या खोलीत उतरायचा. त्याला एक खुंटी मिळायची, ट्रंक ठेवायला हातभर जागा मिळायची आणि वळकटी पसरायला पाळीप्रमाणे जमीन. पहिल्या पाळीचे लोक पहाटे उठून गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे व्हायचे. पावसाळा सोडला तर निम्मे गॅलरीतच झोपायचे. एका कोपऱ्यात ग्रामदेवतेचा फोटो, त्याच्याखाली मृदंग आणि टाळांची पिशवी.

खोलीला कायदे होते, आणि ते पाळले जायचे. नव्या मुलाला बदलीचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागचं काम मिळेपर्यंत भाडं माफ. पिऊन आला तर रात्र गॅलरीत, सकाळी सगळ्यांसमोर झाडाझडती. आजारी माणसाला एकट्याला सोडायचं नाही. कुणी गावी निघाला की सगळ्यांची पार्सलं, निरोप, पैसे त्याच्याबरोबर. एक लाल कापडी बांधणीची वही होती. तिच्यात भाड्याची वर्गणी, देवळाची वर्गणी, शाळेची वर्गणी, मयताचा खर्च, सगळं एकाच अक्षरात लिहिलेलं. दर रविवारी वही वाचायची. रविवारची सुट्टीसुद्धा फुकट मिळालेली नाही. १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी ती मागितली आणि १८९० मध्ये मिळवली. आज ऑफिसात बसणारे आपण सगळे त्यांचं देणं लागतो.

आमच्या गावची मराठी शाळा, तिची दगडी भिंत आणि मागच्या दोन खोल्या त्या लाल वहीतून उभ्या राहिल्या. गावच्या नकाशावर काळाचौकी कुठे नव्हती, पण गाव चालायचं तिथून.

फक्त एक गोष्ट होती, जिचा तेव्हा कुणी विचार केला नाही. भाड्याची पावती एकाच माणसाच्या नावाने फाटायची. ज्यांनी खोली पहिल्यांदा घेतली त्या तात्यांच्या नावाने. तात्या वारले तरी पावतीवर तात्याच राहिले. बाकीच्या पस्तीस जणांचं नाव फक्त वहीत.

वडील लग्नानंतर शेजारच्या चाळीत बिऱ्हाडाला आले, म्हणून मी त्या खोलीत राहिलो नाही. पण शाळा सुटली की पाय तिकडेच वळायचे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ साचाखात्यात होते. चार साचे बघायचे. जुन्या साच्यावर आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला जातो, लाकडी फटका बसतो, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. तिथे बोलणं ऐकू येत नाही. कामगार ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, खिडक्या बंद. मी एकदाच आत गेलो, दसऱ्याच्या पूजेला, साचे बंद असताना. तरी अंगाला चिकटणारी ती उष्ण ओल विसरलो नाही. भाऊ घरी येत तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. खोकला त्यांच्या पिढीत सगळ्यांनाच होता. कापसाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, त्या रोगाला डॉक्टरी नाव आहे, तो कायद्याने कामाचा रोग धरला जातो. पण खोलीतले लोक त्याला नुसतं दमा म्हणायचे आणि गूळ-सुंठ खायचे.

मी त्या कामाचे गोडवे गाणार नाही. ते माणसाला झिजवणारं काम होतं. पण त्यात एक कसब होतं, आणि ते मी फार जवळून पाहिलंय. तुटलेलं सूत सांधायची विणकराची गाठ. भाऊ डाव्या हाताच्या अंगठ्यावर दोन टोकं आडवी-उभी धरायचे, उजव्या हाताने एक फास फिरवायचे, ओढायचे, आणि उरलेलं टोक तोडून टाकायचे. हे सगळं सुताकडे न बघता, एका श्वासात. गाठ इतकी बारीक की फणीच्या दातांतून अडखळल्याशिवाय निघून जायची. किराणा दुकानातून आलेल्या पुड्यांचे दोरे मी जपून ठेवायचो आणि त्यांच्याकडून शिकायचो. माझी गाठ डोळ्यांना दिसायची. ते चिमटीत धरून म्हणायचे, "हिच्यावर साचा थांबंल रं. परत बांध." गिरणी बंद झाल्यावर हे कसब कुणाला हवंय, असं विचारायला कुणी आलं नाही. बोटं मात्र शेवटपर्यंत थांबली नाहीत. दवाखान्यात पडून असताना चादरीच्या कडेचे सुटलेले धागे ते सांधत बसायचे.

गिरणगाव म्हटलं की शाहीर, कबड्डी, भजनी मंडळं, दामोदर हॉलची नाटकं यांची आठवण निघते. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचा डफ इथेच कडाडला, कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धांतून इथलीच पोरं रंगमंचावर गेली. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी थांबत नाही. मला माझ्या मावशीबद्दल लिहायचंय, कारण तिच्यासारख्यांबद्दल कमी लिहिलं जातं.

मावशी खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे तिची स्वतःची दहा बाय दहाची खोली. बायका गावी ठेवून आलेले वीसेक पुरुष तिच्याकडे जेवायचे. त्यांना ती मेंबर म्हणायची. सकाळी सातच्या पाळीसाठी तिचा स्टोव्ह चार वाजता पेटायचा आणि दुसरी पाळी रात्री बारानंतर सुटून जेवून गेली की विझायचा. चपात्या, आमटी, भात, एक भाजी, बुधवारी आणि रविवारी मासळी. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर पीठ, तेल, रॉकेल सगळं वाण्याकडून उधारीवर किंवा सावकाराकडून भरमसाट व्याजाने. मावशी कुणाच्या हजेरीपटावर नव्हती. पण तिचा स्टोव्ह पेटला नसता तर वीस साचे बंद राहिले असते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या खानावळवाल्या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळू लागलं. मावशी सांगायची, बँकेत गेली तेव्हा पहिल्यांदा कुणी तिला "तुमचा व्यवसाय काय?" असं विचारलं.

संपाच्या आधीची खदखद बोनसची होती, पगाराची होती आणि बदली कामगारांची होती. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. अशी दहा-दहा वर्षं काढलेली माणसं आमच्या खोलीत होती. त्यावर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्या कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण वाटाघाटीला बसणार तीच. म्हणून लोक घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात गेले. भाऊ सांगायचे की डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, लढाई लांबेल. लोकांनी ऐकलं नाही. संप डॉक्टरांनी कामगारांवर लादला, हे खोटं आहे. संप कामगारांनी त्यांच्या दारात नेऊन ठेवला. तो कधी आणि कसा थांबवायचा याचा रस्ता मात्र डॉक्टरांनाही सापडला नाही, आणि त्याची किंमत खोलीखोलीने मोजली. डॉक्टरांवर माझा राग नाही. १९९७ च्या जानेवारीत त्यांना गोळ्या घालून मारलं, त्या रात्री भाऊंनी जेवण केलं नाही.

मालकांना घाई नव्हती. गोदामात माल पडून होता, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होतं. यंत्रमागावर बारा तासांची पाळी, युनियन नाही, पेन्शन-बोनसची कटकट नाही. गिरणीतलं कामच आधी शहराबाहेर गेलं, माणसं नंतर गेली. कित्येक गिरण्यांत यंत्रं आजोबांच्या काळातली होती. मिळालेला पैसा यंत्रांत न घालता दुसऱ्या धंद्यांत वळवल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती.

संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोली रिकामी व्हायला लागली. माणसं एसटीने गावी गेली. गावात भात होतं, नाचणी होती, पण आजवर ज्यांच्या मनीऑर्डरीची वाट बघायची तीच माणसं आता दारात उभी. पोस्टमन आमच्या वाडीत यायचा कमी झाला. शाळेच्या तिसऱ्या खोलीचा पाया खोदून झाला होता, त्यात पावसाचं पाणी साचलं. कुणी रस्त्याच्या कामाला गेलं, कुणी आंब्याच्या बागेत राखणीला. तांब्या-पितळेची भांडी आधी गेली, मग बायकांच्या गळ्यातलं. तरी वाडीत चूल विझलेलं घर राहू दिलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. ज्याच्याकडे मण होता त्याने पायली दिली.

मावशीने पहिले चार-पाच महिने मेंबरांना उधारीवर जेवू घातलं. "पोरं कुठं जातील?" एवढंच तिचं म्हणणं. मग वाण्याने हात आखडला आणि स्टोव्ह थंड पडला. तिची उधारीची वही मी पाहिलीय. काही नावांपुढे नुसतं गावाचं नाव, पत्ता नाही. त्यातल्या कित्येकांनी पुढे पैसे आणून दिले, एकाने तर दहा-बारा वर्षांनी शिमग्याला गावी गाठून, नारळ आणि पातळासकट. काही परत आलेच नाहीत. मावशीने त्यांची नावं खोडली नाहीत आणि त्यांच्याबद्दल वाईटही बोलली नाही.

त्यानंतरची गोष्ट संपाइतकी कुणाला पाठ नाही, आणि खरा निकाल तिथेच लागला. मुंबईत गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती, शहराच्या ऐन मध्यावर. यातल्या काही जमिनी तर सरकारकडून किंवा पालिकेकडून स्वस्त भाडेपट्ट्याने मिळालेल्या, कारण इथे धंदा उभा राहील, लोकांना काम मिळेल. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनी विकायची वाट उघडली. नियम वाचायला वाईट नव्हता. जमिनीचे तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला विकासासाठी. विक्रीतून येणारा पैसा गिरणी सावरायला आणि कामगारांची देणी भागवायला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांच्या समितीने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही मांडला होता: मैदानं, रस्ते, घरं, सगळं जोडून.

मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे पूर्ण जमिनीचे करायचे नाहीत, फक्त जिच्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? सगळी जागा तर खात्यांनी, गोदामांनी, चिमणीने व्यापलेली. शहराला आणि कामगारांना मिळायचा दोन तृतीयांश हिस्सा एका शब्दाने वितळून गेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली नाही, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. टीव्हीवर ती बातमी आली तेव्हा भाऊ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना निकालातलं कायद्याचं काही कळलं नाही, मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे साचे होते ती जागा मोकळी नाही. मग आम्ही तिथं काय करत होतो ते लिवलंय का त्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. शंभर-सव्वाशे वर्षं ज्यांनी त्या जागेला किंमत आणली त्यांचं नाव जमिनीच्या एकाही कागदावर येत नाही. आमच्या खोलीच्या पावतीवर नाही तसंच.

गिरणी बंद झाल्यावर भाऊंची देणी मिळायला वर्षानुवर्षं लागली, तीही तुकड्या-तुकड्याने. त्यांच्याबरोबरचे काही भाजीची गाडी लावून बसले, काही बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन झाले, बरेच गावी गेले. मुलांचं आणखी अवघड. गिरणीत बापाच्या जागी मुलगा लागायचा, ती शिडीच काढून घेतली गेली. आमच्या गल्लीतली दोन-तीन पोरं ऐंशी-नव्वदच्या दशकात टोळ्यांकडे ओढली गेली आणि तिशी गाठण्याआधी संपली. त्यांच्या आया अजून चाळीत आहेत, म्हणून यापुढे लिहीत नाही. माझा चुलतभाऊ आज गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहे. त्याच्या वडिलांना त्याच आवारात प्रॉव्हिडंट फंड होता, कामगार विम्याचं कार्ड होतं, बोनस होता, भांडायला युनियन होती. चुलतभावाचा ठेकेदार दर वर्षी बदलतो आणि त्याची नोकरी दर वर्षी नव्याने सुरू होते. त्याचा पगार वडिलांपेक्षा आकड्याने मोठा आहे. त्यावर त्याला खोली भाड्याने घेता येत नाही, तो नालासोपाऱ्याहून येतो.

हे फक्त मुंबईचं नाही. सोलापूरची लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी, सगळीकडे तीच कहाणी. नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागी आता मॉल आहे. अचलपूरची फिनले मिल तर सरकारी महामंडळाची, २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबली आणि तिथल्या कामगारांना ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून रस्त्यावर यावं लागलं. छोट्या गावात एक गिरणी बंद पडते तेव्हा बाजारपेठच बसते. मुंबईत निदान दुसरं काही शोधायला जागा तरी आहे.

पण मुंबईलाही हिशेब चुकता करावा लागलाच. गिरण्यांच्या आवारात काचेचे टॉवर उभे राहिले, हजारो माणसं रोज तिथे कामाला येऊ लागली, आणि त्यांना उतरायला स्टेशनं तीच, परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड. गिरणी कामगार चालत कामाला जायचा. म्हणून ती स्टेशनं लहान होती, जिने अरुंद होते. तीन वाट्यांच्या हिशेबात रस्ते, मैदानं, पादचारी जागा आल्या असत्या. त्या आल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं दाटली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ जण गेले. माझ्या मनात या दोन्ही घटना गिरणगावाच्या इतिहासातच मोडतात. जागा विकताना माणसं मोजली नाहीत की काय होतं, ते तिथे दिसतं.

आता घरांचा प्रश्न. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायची हे लोकांनी मोर्चे काढून, उपोषणं करून मिळवलं. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. त्यानंतर २०१६ आणि २०२० मध्ये सोडती झाल्या. सगळ्या मिळून घरं सोळा हजारांच्या आतबाहेर. अर्ज दीड लाखाहून जास्त. आता कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्याही पुढे शेलू आणि वांगणीला घरं घ्या असं सांगितलं जातंय. ज्यांचं आयुष्य परळ-लालबागच्या दोन मैलांत गेलं, ज्यांचं वय आता सत्तर-ऐंशी आहे, ज्यांचा दवाखाना केईएम आहे, त्यांना वांगणी. मला हे मान्य नाही. कामगारांच्या संघटनांनाही मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे: घर मुंबईत द्या, जमीन मुंबईतच होती.

अर्जासाठी पुरावा लागतो. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा. तिकीट नंबर, हजेरीपट, कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर. भाऊंची ट्रंक नीट होती म्हणून आईचा अर्ज वारस म्हणून दाखल झाला. नंबर अजून लागलेला नाही. पण ज्यांच्या ट्रंका पावसाळ्यात गावच्या घरात भिजल्या त्यांनी काय करायचं? बदलीवाल्यांचं काय, ज्यांची नोंद कधी या गिरणीत तर कधी त्या? आणि मावशीचं? तिला कुठल्याच यादीत बसवता येत नाही. खानावळवाल्या बायकांना घर द्या, अशी मागणी करायची तर अर्जाचा कुठला रकाना भरायचा? मी ही मागणी जमेल तिथे लिहून देतो. गिरणी मालक आणि कामगार यांच्याशिवाय तिसरं कुणी तिथे राबत होतं, हे सरकारदरबारी एकदा तरी नोंदवलं गेलं पाहिजे.

आमच्या गावच्या खोलीचंही असंच झालं. चाळ जुनी, उपकर भरणारी, पुनर्विकासाला आली. नियमाप्रमाणे प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर. भाडेकरू कोण? पावतीवरचे तात्या. तात्यांचे वारस? त्यांचा डोंबिवलीला राहणारा नातू. लाल वहीतल्या पस्तीस नावांना कायद्यात जागाच नाही. आसपासच्या कित्येक गावांच्या खोल्या अशाच गेल्या. ज्याची पावती त्याने फ्लॅट घेतला, विकला, आणि मंडळं कायमची फुटली. काही ठिकाणी भाऊबंद कोर्टात उभे आहेत.

गणपतीत गावच्या देवळात सभा भरली. वातावरण तापलेलं होतं. तात्यांचा नातू आला, त्याने पिशवीतून वही काढली, तीच लाल बांधणीची. ती त्याच्या घरी पोटमाळ्यावर सापडली होती. त्याने उभं राहून पहिल्या पानावरची नावं वाचली. ज्यांची माणसं हयात नाहीत त्यांचीही. मग म्हणाला, "पावती आमच्या आज्याच्या नावची हाय, खोली गावकीची हाय. मी सही करतो, पण तुम्ही मंडळ रजिस्टर करा, म्हणजे उद्या माझ्या पोराला मोह व्हायला नको." एका म्हाताऱ्या बाईने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग कुणीतरी खर्चाचा विषय काढला आणि सभा पुढे सरकली.

मंडळ रजिस्टर झालं. फ्लॅट चौदाव्या मजल्यावर मिळालाय. कुणी राहायचं यावर तीन बैठका भांडणात गेल्या आणि शेवटी ठरलं: केईएमला, टाटाला उपचारासाठी येणारे गावचे पेशंट आधी, मग शिकायला येणाऱ्या मुली, मग मुलगे. मुली आधी, हे माझ्या आईने लावून धरलं. जुन्या खोलीत बाईमाणसाला उंबऱ्याआत यायची सोय नव्हती, ते तिच्या मनात होतं. सध्या तिथे नर्सिंग शिकणाऱ्या चौघी आहेत आणि केमोला आलेलं एक जोडपं. महिन्याची वर्गणी नव्या वहीत लिहिली जाते, आता फोनवरून येते.

गेल्या महिन्यात इमारतीच्या सोसायटीची नोटीस आली आहे. एका सदनिकेत एकाच कुटुंबाने राहावं, बाहेरच्या व्यक्तींना ठेवू नये, अन्यथा कारवाई. आमच्या सेक्रेटरीने उत्तराचा मसुदा माझ्याकडे पाठवलाय. त्यात मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे, तात्यांच्या नातवाचं प्रतिज्ञापत्र आहे, आणि लाल वहीच्या पहिल्या पानाची प्रत जोडायची का, असं विचारलंय. मी जोडायला सांगितलीय. सोसायटीची बैठक येत्या रविवारी आहे, गावाहून सहा जण येणार आहेत.